रिपोर्टमधला ठळक आकडा

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की नजर सरळ ठळक छापलेल्या आकड्याकडे जाते. शेजारी एखादा बाण, एखादी चांदणी. मग बाकीच्या तीस ओळी दिसेनाशा होतात आणि त्या एका ओळीपायी रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. उलटंही घडतं. एकही ओळ ठळक नाही, म्हणून दोन महिने अंगात भिनलेला थकवा मनाचा खेळ ठरवून माणूस रिपोर्टची घडी घालून ठेवून देतो. मला या दोन्ही चुका सारख्याच काळजीच्या वाटतात. दोन्हींचं मूळही एकच आहे: तो आकडा ठळक कोणी केला आणि कशाच्या जोरावर, हे आपल्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

ठळक करण्याचं काम संगणक करतो. शेजारच्या रकान्यात छापलेल्या मर्यादेच्या आत आकडा आहे की बाहेर, एवढंच त्याला कळतं. ही मर्यादा ठरवायची रीत साधी आहे. निरोगी माणसांचा एक गट घेतात, सहसा किमान १२० जणांचा. त्यांचं रक्त तपासून आलेले आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडतात आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के बाजूला काढतात. मधले ९५ टक्के ज्या पट्ट्यात बसतात, तो पट्टा रिपोर्टवर येतो. म्हणजे दर २० निरोगी माणसांमागे एक जण पट्ट्याबाहेर पडणार, हे त्या व्याख्येतच लिहिलेलं आहे.

आता एकाच निरोगी माणसाच्या २० तपासण्या करा. त्या एकमेकींपासून अगदी स्वतंत्र आहेत असं धरलं, तर वीसच्या वीस आकडे पट्ट्यात बसण्याची शक्यता जेमतेम ३६ टक्के निघते. उरलेल्या ६४ टक्के वेळा कुठे ना कुठे एक बाण उमटणारच. प्रत्यक्षात बऱ्याच तपासण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्यामुळे आकडा थोडा कमी होतो, पण मुद्दा तोच राहतो. काहीही होत नसताना ‘एकदा सगळंच तपासून घेऊ’ म्हणून पन्नास-साठ चाचण्यांची यादी उरकली, तर त्यातून एखादी खोटी काळजी घरी येण्याची शक्यता मोठी असते.

इथे एक बारकावा आहे, आणि रिपोर्टवर तो कधीच लिहिलेला नसतो. त्याच रकान्यात दोन जातींच्या मर्यादा शेजारी-शेजारी छापलेल्या असतात. सोडियम, कॅल्शियम, पांढऱ्या पेशी यांची मर्यादा वर सांगितली तशी, ‘बहुतेकांचं किती असतं’ यावरून आलेली. साखर आणि कोलेस्टेरॉलची मर्यादा मात्र ‘कितीच्या पुढे नुकसान सुरू होतं’ यावरून ठरवलेली. बहुतेकांचं कोलेस्टेरॉल जास्त असेल म्हणून जास्त कोलेस्टेरॉल निरोगी ठरत नाही. पहिल्या जातीची मर्यादा किंचित ओलांडली तर बहुधा पुन्हा तपासून पाहण्यापुरतं ते असतं. दुसऱ्या जातीची ओलांडली तर त्यामागे बरंच ठोस कारण असतं.

सुई टोचली जाते तेव्हा

रक्त मशीनपर्यंत पोचण्याआधीच आकडा बदलू शकतो. नळ्यांच्या टोपणांचे रंग पाहिलेत ना? जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए असतं. ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही आणि पेशी मोजता येतात. निळ्या टोपणाच्या नळीत सायट्रेट असतं, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहण्यासाठी. यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण पक्कं असावं लागतं, त्यामुळे ही नळी अर्धवट भरली तर उत्तरच चुकतं. करड्या टोपणाच्या नळीत फ्लोराइड असतं, ते साखरेसाठी. काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत रक्त तसंच ठेवलं तर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होत जाते.

पोटॅशियमची गोष्ट तर शिकण्यासारखी आहे. शरीरातलं जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. बाहेर, रक्तद्रवात, अगदी थोडं. रक्त काढताना पेशी फुटल्या, दंडाचा पट्टा फार वेळ आवळून राहिला, शीर सापडावी म्हणून तुम्ही जोरजोरात मूठ उघडझाप केली, किंवा जांभळ्या नळीतला थेंबभर द्रव दुसऱ्या नळीत गेला (त्या ईडीटीएमध्येच पोटॅशियम असतं), की आकडा वर जातो. शरीरात मात्र काहीच बिघडलेलं नसतं. खरोखर वाढलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, म्हणून या आकड्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. पण अनपेक्षित वाढ दिसली तर डॉक्टर आधी नवा नमुना मागवतात, ते याचसाठी.

नुसतं आडवं पडून उठल्यानेही फरक पडतो. उभं राहिलं की रक्तातलं थोडं पाणी शिरांबाहेर पायांकडच्या ऊतींमध्ये उतरतं आणि जे बाहेर जाऊ शकत नाही, म्हणजे पेशी आणि प्रथिनं, ते दाट होतं. तेवढ्याने हिमोग्लोबिन ५ ते १० टक्क्यांनी हलू शकतं. मागच्या महिन्यात १२.४ होतं, आता ११.९ आलं, एवढ्यावरून हिरमुसून जाऊ नका.

सीबीसी: कागदभर माहिती

सगळ्यात जास्त वेळा होणारी आणि माझ्या मते सगळ्यात कमी वाचली जाणारी तपासणी म्हणजे सीबीसी, रक्तातल्या तांबड्या-पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांची मोजदाद. एकेकाळी सूक्ष्मदर्शकाखाली चौकोन आखलेल्या काचेवर पेशी डोळ्यांनी मोजाव्या लागत. वॉलेस कूल्टर यांना १९५३ साली ज्या युक्तीचं पेटंट मिळालं, तिने हे चित्र पालटलं. एका बारीक छिद्रातून वीज वाहत असते. त्यातून पेशी सरकली की विजेला क्षणभर अडथळा होतो. अडथळे मोजले की पेशींची संख्या कळते, आणि अडथळा किती मोठा यावरून पेशीचा आकार कळतो. आजच्या यंत्रांत प्रकाशकिरणांचाही वापर होतो, पण हे तत्त्व टिकून आहे. ‘आकार कळतो’ हे लक्षात ठेवा; पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

हिमोग्लोबिन सगळ्यांना माहीत असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे प्रौढ पुरुषात १३, स्त्रीत १२ आणि गरोदर स्त्रीत साधारण ११ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं तर रक्तक्षय म्हणतात. गरोदरपणात ही रेघ खाली का? कारण त्या काळात रक्तद्रव तांबड्या पेशींपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात वाढतो आणि रक्त पातळ होतं. हिमोग्लोबिन हे शेवटी दाटपणाचं माप आहे. म्हणूनच जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन फसवं चांगलं दिसतं. अपघातात नुकताच मोठा रक्तस्राव झालेल्याचंही पहिल्या तासात जवळजवळ पूर्वीइतकंच येऊ शकतं, कारण पेशी आणि द्रव दोन्ही सारखेच गेलेले असतात. नंतर शरीर द्रव भरून काढतं तेव्हा आकडा कोसळतो.

रक्तक्षय आहे एवढं कळून भागत नाही. कशामुळे, हा खरा प्रश्न. त्याचं पहिलं बोट दाखवतो एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार. साधारण ८० ते १०० फेम्टोलिटर हा नेहमीचा पट्टा. लोह कमी पडलं तर हिमोग्लोबिन पुरेसं बनत नाही आणि पेशी लहान राहतात. बी-१२ किंवा फॉलिक अ‍ॅसिड कमी पडलं तर पेशीला वेळेवर विभागता येत नाही, ती वाढतच राहते आणि मोठी होते. दारू, यकृताचे आजार, मंदावलेली थायरॉइड यांनीही पेशी मोठ्या होतात.

आता एखाद्याला लोहही कमी आहे आणि बी-१२ही. अर्ध्या पेशी लहान, अर्ध्या मोठ्या. सरासरी काढली तर एमसीव्ही ८८, अगदी पट्ट्याच्या मधोमध, ठळक नाही, बाण नाही. अशा वेळी खालची एक ओळ सत्य सांगते: आरडीडब्ल्यू. पेशींच्या आकारात किती विषमता आहे याचं हे माप, आणि ते वाढलेलं असतं. सरासरी माणसाला फसवू शकते हे इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला तरी रिपोर्टात सापडत नाही.

लहान पेशींचं दुसरं कारण थॅलेसेमिया, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार, त्याची सौम्य छटा: थॅलेसेमिया मायनर. यात पेशी लहान असतात, पण संख्येने भरपूर. लोहाच्या कमतरतेत लहान आणि कमीही. म्हणून डॉक्टर एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या दशलक्षांतल्या संख्येने भागून पाहतात. उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरचा संशय घेतात, वर आलं तर लोहाचा. हा अंदाज आहे, निदान नव्हे, पण त्यावरून पुढची योग्य तपासणी ठरते. नाहीतर लोह कमी नसलेला माणूस वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खात बसतो, आणि दोन्ही जोडीदार मायनर असतील तर बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे त्याचं गंभीर रूप, होण्याचा धोका कोणाच्या लक्षातच येत नाही.

लोहाचा साठा पाहायचा तर फेरिटिन. साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर घसरतं. त्यामुळे हिमोग्लोबिन १२.५ असूनही फेरिटिन १५ च्या खाली असू शकतं आणि माणूस खरोखर दमलेला असू शकतो. पण अंगात जंतुसंसर्ग किंवा सूज असेल तर फेरिटिन आपोआप चढतं आणि रिकामं कोठार भरलेलं दाखवतं.

पांढऱ्या पेशींत टक्केवारीचा घोळ फार होतो. लिम्फोसाइट, न्यूट्रोफिल, इओसिनोफिल हे त्यांचे प्रकार. समजा एकूण पेशी ३००० आणि लिम्फोसाइट ६० टक्के, शेजारी वरचा बाण. ‘लिम्फोसाइट वाढल्या’ म्हणून माणूस घाबरतो. हिशोब करा: ३००० चे ६० टक्के म्हणजे १८००, अगदी योग्य संख्या. न्यूट्रोफिल ३५ टक्के म्हणजे १०५०, आणि त्या खरोखर कमी आहेत. वाढलेलं काहीच नाही, दुसरी गोष्ट घटल्यामुळे हिची टक्केवारी फुगली. म्हणून टक्के सोडा, ‘अ‍ॅब्सोल्यूट’ लिहिलेली प्रत्यक्ष संख्या पाहा. ढोबळमानाने जिवाणूंच्या संसर्गात न्यूट्रोफिल वाढतात, बऱ्याच विषाणूंमध्ये लिम्फोसाइट, अ‍ॅलर्जीत आणि जंतांमध्ये इओसिनोफिल. पण धावपळ, ताण आणि स्टेरॉइडची गोळी यांनीही न्यूट्रोफिल वाढतात, कारण रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या पेशी प्रवाहात येतात.

प्लेटलेटचा साधारण पट्टा दीड ते साडेचार लाख. काही माणसांच्या प्लेटलेट ईडीटीएच्या नळीत गेल्यावर एकमेकींना चिकटून गठ्ठे करतात. मशीन आकाराने मोजतं, त्याला तो गठ्ठा प्लेटलेट वाटतच नाही, आणि रिपोर्टवर ४० हजार छापून येतात. माणूस धडधाकट, कुठे रक्त येत नाही, अंगावर ठिपके नाहीत. अशा वेळी काचेवर रक्ताचा थर पसरून डोळ्यांनी पाहणारा तज्ज्ञ मशीनपेक्षा भरवशाचा ठरतो. सायट्रेटच्या नळीत पुन्हा मोजलं की बहुतेकदा खरी संख्या मिळते.

साखर: क्षण आणि तीन महिने

उपाशीपोटीची साखर १०० च्या खाली हवी, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, १२६ किंवा वर म्हणजे मधुमेह. सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर निदान करत नाहीत, दुसऱ्या तपासणीने खात्री करून घेतात. रिपोर्ट मिलिमोलमध्ये असेल तर १८ ने गुणा.

ही साखर त्या क्षणाची. एचबीए१सी मात्र मागच्या काळाची नोंद ठेवतं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, आणि रक्तात जितकी साखर, तितकी तिच्या हिमोग्लोबिनला कायमची चिकटते. ५.७ टक्क्यांच्या खाली ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे १५४. सगळे महिने सारखे मोजले जात नाहीत, हेही सांगायला हवं. जवळजवळ निम्मा वाटा शेवटच्या महिन्याचा असतो.

या सगळ्याचा पाया म्हणजे पेशीचं आयुष्य. तेच बदललं तर? काही आजारांत पेशी लवकर फुटतात; त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि एचबीए१सी खोटं चांगलं येतं. लोहाच्या कमतरतेत ते खोटं वाढू शकतं. नुकतंच रक्त चढवलं असेल तर ते दुसऱ्याच कोणाच्या पेशींची गोष्ट सांगत असतं. घरच्या मशीनवरची साखर आणि एचबीए१सी यांचा मेळ बसत नसेल तर रुग्णावर ‘पथ्य पाळत नाही’ असा ठपका ठेवण्याआधी त्याचा सीबीसी पाहावा. हे मी कळकळीने सांगतो.

किडनी आणि लिव्हर

क्रिएटिनिन हा स्नायूंचा टाकाऊ पदार्थ. किडनी तो गाळून बाहेर टाकते. आकडा स्नायूंवरही अवलंबून असल्यामुळे सगळ्यांना एकच माप लावणं धोक्याचं. क्रिएटिनिन १.१ घ्या, बहुतेक रिपोर्टांवर ते ठळक होणार नाही. २५ वर्षांच्या पुरुषात याच १.१ वरून गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, सुमारे ९५ निघतो. ७५ वर्षांच्या स्त्रीत तोच १.१ म्हणजे सुमारे ५२. हा वेग ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त काळ राहिला तर त्याला किडनीचा दीर्घ आजार म्हणतात. आकडा तोच, एक निश्चिंत, दुसरीची काळजी घ्यायला हवी.

शिवाय क्रिएटिनिन ०.६ वरून १.२ झालं, तर दोन्ही आकडे पट्ट्यात असूनही किडनीचं काम साधारण निम्म्यावर आलेलं असू शकतं. घरात कोणाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर क्रिएटिनिनबरोबर ईजीएफआर आणि लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) हे दोन्ही आवर्जून मागा. किडनीला पहिली इजा झाल्याचं बऱ्याचदा लघवीच आधी सांगते.

‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ हे नाव मात्र दिशाभूल करणारं आहे. त्यातले एसजीओटी आणि एसजीपीटी यकृताचं काम मोजतच नाहीत. ती पेशींच्या आतली विकरं. पेशीला इजा झाली की ती रक्तात गळतात. गळती किती, एवढंच ते सांगतात. यकृत काम किती करतंय ते पाहायचं तर त्याने बनवलेल्या गोष्टी पाहाव्या लागतात: अल्ब्युमिन, आणि रक्त गोठवणारे घटक. खूप पुढे गेलेल्या सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी कठीण होत जातं त्या आजारात, गळायला पेशीच थोड्या उरल्यामुळे एसजीपीटी पट्ट्यात येऊ शकतं, आणि तेव्हा माणूस सर्वात आजारी असतो. उलट अंगमेहनतीच्या व्यायामानंतर एसजीओटी वाढतं, कारण ते स्नायूंतही असतं. नुसतं बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) थोडं वाढलेलं, तेही ‘इनडायरेक्ट’, बाकी सगळं ठीक, असं वर्षानुवर्षं दिसत असेल तर बहुधा तो गिल्बर्टचा जन्मजात गुण असतो. उपासाने तो आकडा आणखी चढतो आणि त्याला औषध लागत नाही.

उलटा चालणारा आकडा

टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड वाढली, हा गैरसमज घरोघर आहे. टीएसएच थायरॉइडचा नाहीच. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीने थायरॉइडला दिलेला हुकूम आहे. थायरॉइड आळसावली की हुकुमाचा आवाज चढतो. म्हणून टीएसएच जास्त म्हणजे थायरॉइड मंद, टीएसएच अगदी कमी म्हणजे ती अतिउत्साही. गोळीचा डोस बदलल्यावर दहा दिवसांत पुन्हा तपासून काही हाती लागत नाही. हार्मोन स्थिरावून पीयूष ग्रंथीला नवी परिस्थिती पटायला सहा आठवडे द्यावे लागतात. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसाच्या गोळ्या घेत असाल तर तसं आधी सांगा. काही पद्धतींत बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी येतो.

सूज दाखवणाऱ्या दोन तपासण्यांत, ईएसआर आणि सीआरपीमध्ये, एवढाच फरक ध्यानात ठेवा: सीआरपी काही तासांत चढतो आणि कारण गेलं की एक-दोन दिवसांत उतरू लागतो, ईएसआर हळू चढतो आणि कित्येक आठवडे रेंगाळतो. सूज कुठे आहे हे दोघांनाही सांगता येत नाही.

कर्करोगाच्या ‘मार्कर’ तपासण्यांबद्दल, म्हणजे कर्करोगात वाढू शकणारे रक्तातले पदार्थ मोजणाऱ्या तपासण्यांबद्दल, थोडं थांबून सांगायला हवं, कारण धडधाकट माणसं त्या सरसकट करून घेतात. समजा एखादा आजार हजारात एकाला असतो, आणि तपासणी निरोगी माणसांपैकी फक्त ५ टक्क्यांना चुकून पकडते. हजार जण तपासले तर एक खरा रुग्ण आणि सुमारे ५० निरोगी माणसं ‘पॉझिटिव्ह’ निघतील. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला तो आजार असण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आसपास. अंडाशयाच्या कर्करोगाचा मार्कर सीए-१२५ मासिक पाळीत आणि गरोदरपणातही वाढतो. प्रोस्टेटच्या कर्करोगाचा मार्कर पीएसए प्रोस्टेटच्या साध्या वाढीने आणि संसर्गानेही वाढतो. आजार ठाऊक असलेल्या रुग्णाचा उपचार कसा चाललाय हे पाहायला काही मार्कर फार मोलाचे आहेत. लक्षण नसलेल्या माणसाने यादीत दिसले म्हणून करून घ्यायचे ते नव्हेत.

एक काम मात्र प्रत्येकाने करावं: जुने रिपोर्ट जपून ठेवावेत, तारखेनुसार, एकाच ठिकाणी. छापलेला पट्टा अनोळखी लोकांचा असतो, तुमचा स्वतःचा पट्टा त्याहून पुष्कळ अरुंद असतो. दहा वर्षं ज्याचं हिमोग्लोबिन १५.५ राहिलं, त्याचं १३.२ झालं तर संगणक गप्प बसेल; जुने कागद समोर असलेला डॉक्टर गप्प बसणार नाही. पोटात कुठे हळूहळू रक्त झिरपत नाही ना, हे तो शोधायला लागेल.

छातीत दुखतं म्हणून रुग्णालयात गेलेल्या माणसाचं ट्रोपोनिन तपासतात तेव्हा याच विचाराची तासांच्या मापात प्रचीती येते. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं, पण उतरायला वेळ लागतो. दुखायला लागल्या-लागल्या घेतलेला पहिला नमुना स्वच्छ असू शकतो. दुसरीकडे, किडनीच्या जुन्या रुग्णाचं ट्रोपोनिन कायमच थोडं वर असू शकतं. म्हणून एक ते तीन तासांनी पुन्हा रक्त घेतात आणि दोन आकड्यांमधला फरक पाहतात. पहिला रिपोर्ट चांगला आलाय, मग आता घरी जाऊ द्या, असा आग्रह त्या वेळी धरू नका. दुसरी सुई टोचू द्या.